डायपोलचा बाण ऋणाकडून धनाकडेच का?

ध्रुवतारा: डायपोलचा, म्हणजे थोड्या अंतरावरच्या समान धन आणि ऋण प्रभारांच्या जोडीचा, बाण ऋणाकडून धनाकडे, हे विद्यार्थ्यांकडून घोकून घेणं बंद करा. विद्युतक्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या क्षेत्ररेषा धनातून निघून ऋणात शिरतात. बाणही तसाच काढला तर गोंधळ मिटेल.

त्रिज्यासदिश: हे वाचून राहवलं नाही. मिटणार नाही, वाढेल! प्रत्येक प्रभाराला त्याच्या स्थानसदिशाने (आरंभबिंदूपासून त्या प्रभारापर्यंतच्या बाणाने) गुणा आणि बेरीज करा. ऋण प्रभाराचा सदिश उणे चिन्हामुळे उलटतो, आणि बाण आपोआप धनाकडे येतो. बाह्य क्षेत्रात हाच बाण क्षेत्राच्या दिशेने वळतो, तिथे ऊर्जा सर्वांत कमी: उणे पी ई (पी म्हणजे ही बेरीज, ई म्हणजे क्षेत्र). तुमचा बाण घेतला तर टॉर्क (फिरवणारा परिणाम), ऊर्जा, सगळीकडे चिन्हं बदलत बसा. शिवाय क्षेत्र बाणाच्या उलट असतं ते दोन प्रभारांच्या मध्ये आणि विषुवरेषेवर (जोडीच्या मध्यातून जाणाऱ्या लंबरेषेवर). अक्षावर (दोन्ही प्रभारांतून जाणाऱ्या रेषेवर) टोकांच्या बाहेर ते बाणाच्याच दिशेने असतं, ते कसं समजावणार?

रेणूबंध: रसायनशास्त्रात मात्र एचसीएलचा (हायड्रोजन क्लोराइडचा) बाण क्लोरिनकडेच काढतात, शेपटीवर आडवी रेघ मारून. इलेक्ट्रॉन कुठे सरकले ते त्यात दिसतं. ती चूक नाही.

त्रिज्यासदिश: एकाच विद्यार्थ्याला एकाच वर्षी दोन उलटे बाण? आणि कार्बन मोनॉक्साइडचं काय? ऑक्सिजन जास्त विद्युतऋण (बंधातले इलेक्ट्रॉन जास्त ओढणारा), म्हणून सगळे बाण तिकडे काढतात. मोजमापात मात्र ऋण टोक कार्बनकडे निघतं.

रेणूबंध: त्याचा दोष बाणाला देऊ नका! कार्बनवरची एकाकी (बंधात नसलेली) इलेक्ट्रॉन जोडी बाहेरच्या बाजूला पसरलेली असते, ती बंधाच्या ध्रुवतेवर थोडीशी मात करते. म्हणून तर डायपोलचं मूल्य जेमतेम 0.11 डिबाय (ते मोजायचं एकक), पाण्याचं 1.85. फक्त विद्युतऋणता बघून दिशा सांगणं चूक, हे मान्य. पण ते तुमच्या बाणालाही लागू आहे.

काटकोन: दिशेवरून भांडताय, गुण जातात ते अंतरात. प्रभार 2 नॅनोकूलोम, दोघांतलं अंतर 4 मिलिमीटर. अक्षावर 20 सेंटिमीटरवर क्षेत्र 18 न्यूटन प्रति कूलोम. पूर्ण अंतराऐवजी अर्धं घेतलं की 9 येतं, आणि विषुवरेषेवरचं बरोबर उत्तरही 9च! पर्यायांत ते दिसतं, विद्यार्थी खूण करून मोकळा.

ध्रुवतारा: बेरजेचा मुद्दा मान्य करावा लागतोय. मग आधी ती बेरीज करून घ्या, बाण नंतर काढा. घोकंपट्टीबद्दलची तक्रार मी मागे घेत नाही.

त्रिज्यासदिश: त्याला माझा विरोध नव्हताच. आणि रेणूबंध, तुमचा बाण राहू द्या, पण दोन्ही टोकांना डेल्टा धन, डेल्टा ऋण (अंशतः धन, अंशतः ऋण) लिहायला लावा.