एक निभावलं की दुसरं : किरकोळ दुखण्यांची रांग लागते तेव्हा

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. खुब्याचं हाड वाचलं म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली. प्लॅस्टर निघालं आणि आठवडाभरात, गणपतीची आरास चालू असताना लेकाला ताप भरला. डेंग्यू. प्लेटलेट्स रोज उतरत गेल्या, ९२ हजार, मग ६१ हजार. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, आता खरं जपायचं. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच नाजूक असतात. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर फोन करत बसायचं नाही, उचलून घेऊन यायचं. शेजारणींनी पपईच्या पानांचा रस आणून दिला, मायेनंच दिला, पण डॉक्टर प्लेटलेट्सइतकंच हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्त किती दाट होतंय त्यावर लक्ष ठेवून होते आणि आम्हाला लघवीची वेळ लिहून ठेवायला सांगत होते. ते दोन दिवस मी आणि नवऱ्याने आळीपाळीने जागून काढले.

नवरात्रात एका पहाटे कूस बदलली आणि खोली गरगर फिरली. मेंदूत काही झालं असणार, असंच मनात आलं. निघालं कानाचं. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत जातात म्हणे. कानाच्या डॉक्टरांनी खाटेवर आडवं करून डोकं एका क्रमाने फिरवलं, दहा मिनिटांत चक्कर गेली.

आणि दिवाळीत, अभ्यंगस्नानाला तेल लावताना छातीत गाठ लागली.

सोनोग्राफी झाली. ‘साधी गाठ दिसते, फायब्रोअॅडिनोमा, सहा महिन्यांनी परत बघू.’ म्हणजे चारही वेळा शेवटी घाबरण्यासारखं काही नव्हतं. हे मी हात जोडून लिहिते आहे, कारण अनेकांच्या वाट्याला एवढं नशीब येत नाही. पण फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो. लेक दोनदा शिंकला तर मी थर्मामीटर शोधते. रात्री बाथरूमचा दिवा लागला की आई परत पलंगावर येऊन पडेपर्यंत मी जागी.

आई म्हणाली, घराला दृष्ट लागली आहे. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी तिच्यासमोर गप्प बसून राहिले. तिची मूठ अजून पुरती मिटत नव्हती, मोहऱ्या बोटांतून निसटून माझ्या मांडीवर पडत होत्या.

मोठं आजारपण आलं की माणसं धावून येतात, डबे येतात. किरकोळ गोष्टी चार महिन्यांत चार झाल्या तर ते कुणाला सांगायचं? प्रत्येकीला ‘चला, थोडक्यात निभावलं’ असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. माझा संपत नाही. तुमच्याकडे अशी रांग लागली होती का? तेव्हा काय केलंत, आणि धास्ती गेली कधी? लहानसं वाटलं तरी लिहा.

*

ताई, आमचं गाव महाडच्या बाजूला. भातकापणीत बाबांना विंचू चावला, लाल. पेंढीखाली होता. दहा मिनिटांत घामाने सदरा भिजला, हातपाय गार. कोकणात लाल विंचवाचं भय पूर्वी फार होतं, कारण त्याचं विष हृदयावर जातं आणि फुप्फुसात पाणी भरतं. आमच्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिनची गोळी त्यावर चालते हे दाखवून दिलं, नाहीतर आजोबांच्या पिढीत अशी माणसं घरी परत येत नसत. बाबांना वेळेवर गोळी मिळाली, एक दिवस देखरेखीखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी घरी.

त्याच महिन्यात आईला गांधीलमाशी चावून तोंड सुजलं आणि भाऊ पाणंदीत गाडीवरून घसरला. बाबा गप्पच झाले. शेतावर जायचं नाव काढेनात. आम्ही त्यांना ‘काय होतंय, चला’ असं म्हणत राहिलो, ते चुकलं. काकांनी बरोबर केलं. ते काही बोललेच नाहीत. रोज सकाळी येऊन ओटीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, बांधापर्यंत जाऊन येऊ. आठ दिवस नुसतं बांधापर्यंत. मग एक दिवस बाबाच गमबूट घालून उभे. आता पेंढी उचलण्याआधी काठीने परततात, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरत नाहीत. भीती आहे अजून, पण ती घेऊन कामाला जातात.

*

नागपूर. सकाळी फिरायला गेलो असताना कुत्रा चावला, पोटरीला. लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, हे आधी कुठेतरी वाचलेलं उपयोगी पडलं. रक्त आलं होतं म्हणून लसीसोबत जखमेतही सीरम टोचलं. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आता त्या सातव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या मधल्या काळाबद्दल कुणी सांगत नाही. काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. रोज पाण्याचा ग्लास हातात घेतला की घशाकडे लक्ष जायचं. त्यातच बायकोच्या हातावर कढईतलं तेल उडालं. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरून उभी राहिली, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, म्हणून फोड वरवरच राहिले.

मला ज्याने बाहेर काढलं ते असं. डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘मला रोज भीती वाटते, यात वेडेपणा आहे का?’ ते म्हणाले, लस वेळेवर घेतलेल्या माणसाने घाबरायचं कारण नाही, पण भीतीला हे कळायला वेळ लागतो. एवढं वाक्य कुणीतरी तोंडावर म्हणायला हवं होतं. तो रस्ता मात्र मी अजून बदललेलाच ठेवला आहे.

*

आमच्या मुलीने दोन वर्षांची असताना रुपयाचं नाणं गिळलं. एक्स-रेत पोटात दिसलं, चौथ्या दिवशी शौचावाटे पडलं. ते चार दिवस मी सांगू शकत नाही. एकच लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल: खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल गिळला असेल किंवा तशी नुसती शंका असेल तर वाट बघू नका. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. नाण्यासारखं त्यात थांबायचं नसतं.

*

मी इंग्लंडमध्ये असते. तुमचं गाठीचं वाचून सगळं आठवलं. इथे संशय आला की २८ दिवसांच्या आत कॅन्सर आहे की नाही हे सांगायचं, असं सरकारी आरोग्यसेवेचं उद्दिष्ट असतं. २८ दिवस ऐकायला कमी वाटतात. नवऱ्याची रात्रपाळी, मी आणि दोन लहान मुलं. त्याआधीच्या महिन्यात बर्फावरून घसरून माझा घोटा मुरगळला होता आणि धाकट्याला दम्याचा पहिला झटका येऊन गेला होता.

सांगलीला आई-बाबांना काहीच कळवलं नाही. एवढ्या लांबून ते काय करणार, उगीच झोप उडेल. गाठ साधी निघाली, तेव्हा फोनवर सगळं एकदम सांगितलं. मला वाटलं होतं आईला हायसं वाटेल. ती रडली. म्हणाली, ‘मी रोज तुला आज जेवायला काय केलंस विचारत होते, आणि तू एवढं घेऊन बसली होतीस.’ वाईट बातमीपेक्षा तिला तेच लागलं. आता आमचं ठरलं आहे. तपासणीची तारीख तिला कळवायची, निकाल लागेपर्यंत तिने त्याबद्दल विचारायचं नाही, पण फोन रोज करायचा. या वर्षी धाकट्याला पुन्हा धाप लागली तेव्हा ती पलीकडून नुसती रामरक्षा म्हणत राहिली आणि मी त्याला पंप देत होते. मला त्या आवाजाने बळ आलं.

*

मी १९ वर्षं अपघात विभागात परिचारिका आहे. रात्री दोन वाजता माणसं येतात आणि ईसीजी ठीक निघाला की ओशाळतात. ‘सिस्टर, उगीच त्रास दिला तुम्हाला.’ मला हे ऐकवत नाही. कृपा करून ओशाळू नका. छातीत दाब, धाप, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यात घरी बसून अंदाज बांधायचाच नाही. १०८ ला फोन करा. पहिला ईसीजी चांगला आला तरी आम्ही कधी कधी थांबवून घेतो, कारण ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते. थांबवलं म्हणजे काही दडवताहेत असं नाही.

आणि घरात लागोपाठ घडतंय ना, मग एक वही करा. कोणाला काय झालं, कुठली औषधं, कशाची अॅलर्जी, शेवटचे रिपोर्ट. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बापाचं वयही आठवत नाही, हे मी रोज पाहते. वही हातात असली की नातेवाईक निम्मे शांत असतात.

*

सिस्टरांच्या वहीबद्दल थोडं वेगळं लिहितो. माझं वय ७१. दोन वेळा अॅसिडिटीला हार्ट अटॅक समजून धावलो, मग मोतीबिंदू, मग मुतखडा, सगळं एका वर्षात. मीही वही केली आणि तीच माझ्या मानेवर बसली. दिवसातून बारा-पंधरा वेळा रक्तदाब मोजायचो. एकदा १५२ आला की धडधड वाढायची, पुढचा १६० यायचा. डॉक्टरांनी वही पाहिली, चिडले नाहीत. म्हणाले, मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, सकाळी आणि संध्याकाळी, बस. मधल्या वेळी यंत्र सूनबाईंच्या कपाटात. पहिले तीन दिवस हात शिवशिवायचे. दहा दिवसांनी एका दुपारी मी नातवाला घेऊन बाजारात गेलो आणि परत येईपर्यंत छातीची आठवणच झाली नव्हती. त्या दुपारची नोंद मात्र मी वहीत केली.

तेव्हा वही ठेवा, पण ती कुणाच्या तरी ताब्यात द्या.

*

पहिल्या पोस्टची मीच. सगळं दोनदा वाचलं, एकदा आईला मोठ्याने वाचून दाखवलं. बांधापर्यंत चालणाऱ्या काकांपाशी तिने मला थांबवलं, परत वाच म्हणाली.

वही केली आहे. ती नवऱ्याकडे असते. माझ्या पुढच्या सोनोग्राफीची तारीख नणंदेला सांगितली. आतापर्यंत तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने लगेच रजा टाकली, म्हणाली तू आत जा, मी बाहेर बसेन. तिच्याही छातीत दोन वर्षांपूर्वी अशीच गाठ होती, आणि तेव्हा ती एकटी गेली होती. आम्ही एकाच गावात राहतो.

न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. आई चेंडू दाबायचा व्यायाम न चुकता करते आहे. परवा मी कामावरून आले तर परातीत कणीक मळून, वर तेलाचा हात फिरवून, झाकून ठेवलेली होती. घरात ती एकटीच होती.