अनुभव धागा : चारमिनार आणि त्याच्या भोवतीचे रस्ते

आमच्याकडे नांदेडला लग्न ठरलं की याद्यांच्या पाठोपाठ प्रश्न यायचा, "बस्ता कुठं बांधायचा?" ज्याला जमेल त्याचं उत्तर एकच, हैदराबादला. पत्थरगट्टीत साड्या, लाड बाजारात बांगड्या. चारमिनार मी पहिल्यांदा पाहिला तो आत्याच्या बस्त्याच्या गडबडीत, सात वर्षांची असताना. आईनं बजावलं होतं, "हरवलीस तर चारमिनारखाली जाऊन उभी राहा." मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं ते फार नंतर, नोकरीसाठी इथे राहायला आल्यावर.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आपल्या आजी-आजोबांची राजधानी हीच. त्यामुळे मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत चारमिनारची एखादी आठवण असतेच. ती इथे लिहा. काय-काय बघावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात, मला तिथली माणसं हवी आहेत.

सुरुवात मी करते, लाड बाजारापासून. चारमिनारच्या पश्चिमेला जो रस्ता फुटतो, तो सगळा बांगड्यांचा. पुढच्या दुकानांत दिव्यांच्या झगमगाटात माल, पण बांगडी घडते ती मागच्या गल्ल्यांत, एकेका खोलीत. मी एकदा ओळखीनं अशा खोलीत तासभर बसले. कोळशाची शेगडी, तिच्यावर मऊ होत असलेली लाख, काठीच्या टोकाला तिचा गोळा. कारागिरानं तो पाटावर लाटून पट्टी केली, रंगाची लाख वरून फिरवली, पट्टी वळवून टोकं जोडली आणि साच्यावर चढवून गोल केली. हे सगळं लाख गरम आहे तोवरच, म्हणजे हात थांबवायला वेळच नाही. खडे बसवायचं काम त्याची बायको करत होती. बांगडी जराशी शेकायची आणि एकेक खडा टोकानं उचलून दाबायचा. तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालेली होती. २०२४ मध्ये इथल्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी ती बोटं आठवली.

पुढच्या दुकानात आणखी एक गंमत कळली. दुकानदार नुसता पंजा दाबून सांगतो, "दो-छे." आपणही "दोन-सहा" म्हणतो, पण त्याचा अर्थ दोन इंच आणि वर सहा सोळांश, हे मला चाळिशीत कळलं.

लातूरहून

माझे आजोबा उस्मानिया विद्यापीठात शिकायला होते. तेव्हा तिथलं शिक्षण उर्दूतून होई. १९४७ साली कॉलेज सोडून ते निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या, संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले. रझाकारांच्या काळाबद्दल ते फार कमी बोलत आणि बोलले की आवाज कापायचा. पण त्यांचं उर्दू कधी सुटलं नाही. शेतीची जुनी कागदपत्रं वाचून घ्यायला गावातले लोक त्यांच्याकडेच यायचे.

२००९ मध्ये, ते ८३ वर्षांचे असताना, मी त्यांना हैदराबादला घेऊन गेलो. मदीना चौकातून पत्थरगट्टीत शिरलो, तिथे दोन्ही बाजूंना एकसारख्या दगडी कमानींची दुकानं आहेत. आजोबा थांबून पाट्या वाचायला लागले. मोठ्यानं, एकेक अक्षर लावत. मला त्या पाट्या म्हणजे नुसती नक्षी होती. गुलजार हौजापर्यंतचं अंतर दहा मिनिटांचं, आम्हाला तास लागला. एका अत्तरवाल्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं, दोघांचं बोलणं सुरू झालं. मधेच तो म्हणाला, "नक्को बोलो तो नक्को, जबरदस्ती नहीं." आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, हा नक्को आपलाच." हैदराबादी लोकांच्या "वोच", "ऐसाच"मधला 'च'सुद्धा मराठीतून गेलेला, हे त्यांनी मला तिथं रस्त्यावर उभं राहून समजावलं.

चारमिनारवर चारी बाजूंना घड्याळं आहेत, १८८९ साली बसवलेली. आजोबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, वर बघितलं आणि किल्ली देऊन वेळ जुळवून घेतली. विद्यार्थी असतानाही असंच करायचे म्हणे.

पुण्याहून, पहिल्यांदाच गेलेला

माझा अनुभव संमिश्र आहे. स्टेशनवरून रिक्षावाल्यानं दुप्पट पैसे घेतले, वर भर दुपारी पोचलो. चारमिनारच्या जिन्याला १४९ पायऱ्या आहेत, पण लोकांना पहिल्या मजल्यापर्यंतच सोडतात. जिना गोल, अंधारा आणि इतका अरुंद की खाली येणाऱ्याला वाट द्यायची तर भिंतीला चिकटावं लागतं. माझ्यापुढे एक आजी होत्या. अनोळखी पोरांनी त्यांना हाताला धरून वर नेलं. वर गेल्यावर मात्र थकवा गेला. चारी दिशांना चार सरळ रस्ते, उत्तरेला चार कमानी, दक्षिणेला मक्का मशीद. १५९१ मध्ये, हिजरी सन १००० च्या सुमाराला, महंमद कुली कुतुबशहानं गोवळकोंड्याबाहेर नवं शहर वसवताना हा मध्यबिंदू धरला होता. वाचलेलं होतंच, पण वरून दिसल्यावर पटलं.

हैदराबादहून, काचीगुड्यात वाढलेली

वरच्या पुणेकरांना सांगते, दुपारी जाऊ नका. पहाटे फजरच्या नमाजानंतर जा. दुकानांची शटरं बंद असतात, कबुतरांचे थवे उतरतात आणि जाग असते ती फक्त चहावाल्यांकडे. इराणी चहात दूध वेगळं आटवतात, डिकॉक्शन झाकलेल्या भांड्यात वेगळं मुरत असतं, दोन्हींची गाठ कपातच पडते. सोबत उस्मानिया बिस्कीट, जरा गोड, जरा खारट. निमरा कॅफेसमोर उभं राहून, चारमिनारकडे तोंड करून मी हा चहा कॉलेजपासून पीत आले आहे.

रमजानमध्ये तर रात्रच दिवस होते. पहाटे सहरीपर्यंत बाजार भरलेला. एका वर्षी माझी पाच वर्षांची लेक त्या गर्दीत हातातून सुटली. मी वेड्यासारखी ओरडत होते. चपला विकणाऱ्या एका माणसानं स्वतःचा गाडा तसाच सोडला, शेजारच्या खजूरवाल्यानं तिच्या फ्रॉकचा रंग विचारून पुढच्या गाड्याला ओरडून सांगितला, त्यानं त्याच्या पुढच्याला. हाक माझ्या आधी चारमिनारपर्यंत पोचली. लेक सापडली ती एका बुरखेवाल्या बाईंच्या कडेवर, हातात फिरणी. त्या बाई मला धीर द्यायचं सोडून स्वतःच रडत होत्या.

छत्रपती संभाजीनगरहून, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणारा

२०१९ मध्ये एका मिनाराच्या चुन्याच्या नक्षीचा तुकडा निखळून खाली पडला होता. आम्हा चुन्यात काम करणाऱ्यांना ते फार लागलं. चुना श्वास घेतो, पण शेकडो वर्षांचा पाऊस, धूर आणि खालच्या वाहतुकीचे हादरे सोसायलाही मर्यादा आहे. अगदी जवळून जाणारी वाहनं आता बंद केली आहेत, ते योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच की वाहनांबरोबर गाडेवालेही हटवू नयेत. गाडीनं भिंत हादरते, बांगड्यांच्या टोपलीनं नाही. आणि वरच्या ताईंची लेक सापडली ती या लोकांमुळेच.

देगलूरहून

आमच्या आईचा लग्नातला चुडा लाड बाजारातला. त्यातली एक बांगडी तडकली होती, आईनं ती पन्नास वर्षं डब्यात जपली. गेल्या दिवाळीत मी ती घेऊन गेले. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी ती उजेडात फिरवून बघितली, नातवाकडून शेगडी मागवली आणि तडा दोन मिनिटांत बुजवला. पैसे विचारले तर म्हणाले, "अम्मा को पहनाओ, फिर आके बोलो." आईचा हात आता सुकलाय, बांगडी कोपरापर्यंत सरकते. तरी ती काढू देत नाही. संक्रांतीनंतर मी चाचांना सांगायला जाणार आहे.