१४२८५७ : गणित की नुसती गंमत?

नळस्टॉपकर
काल संध्याकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला सहज गाडीच्या मीटरकडे लक्ष गेलं. १४२८५७ किलोमीटर! फोटो काढेपर्यंत सिग्नल सुटला आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. पण आकडाच तसा आहे हो. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच सहा अंक गोल फिरतात. सातपट केली की ९९९९९९. बायको म्हणाली, "गाडी सर्व्हिसिंगला टाक आता." माझं मत विचाराल तर इतकी देखणी संख्या दुसरी नाही.

बाकी शून्य
ही संख्या म्हणजे १ भागिले ७ चे दशांश: ०.१४२८५७१४२८५७… सगळा खेळ १० च्या पायाचा, म्हणजे दहा-दहाच्या गटांत मोजण्याचा. आपल्याला आठच बोटं असती, तर ८ च्या पायात १ भागिले ७ म्हणजे ०.११११… आलं असतं आणि तुमची गाडी मुकाट पुढे गेली असती. अंक हे संख्येचे कपडे. कपडे बघून स्थळ पसंत करू नये.

निवृत्त मास्तर
कागदावर १ ला ७ नं भागून बघा. बाकी येते ३, २, ६, ४, ५ आणि परत १. म्हणजे १ ते ६ सगळे एकेकदा हजर. म्हणून ३/७ काढायला बसलात की त्याच चक्रात मधूनच चढता: ४२८५७१. सगळ्या मूळ संख्यांना हे जमत नाही. १/१३ चं चक्र ०७६९२३, पण २/१३ चं वेगळंच, १५३८४६. १७ ला मात्र सोळा अंकांचं एकच चक्र. अशा मूळ संख्या अनंत आहेत, असा अंदाज गणितज्ञ एमिल आर्टिन यांच्या १९२७ च्या मांडणीतून निघतो. तो अजून सिद्ध झालेला नाही. याला गंमत म्हणायचं?

बाकी शून्य
मग सर, कौतुक ७ चं करा. १४२८५७ बिचारी त्याची सावली.

फर्ग्युसनवाली
सावलीतही बघण्यासारखं असतं. वर्ग करा: २०४०८१२२४४९. तोडून बेरीज करा, २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. द. रा. कापरेकर आमच्या फर्ग्युसनचे, पुढे देवळालीच्या शाळेत मास्तर. त्यांनाही "हे कसलं गणित" म्हणणारे भेटलेच. आणि यामागे कारण आहे: १४२८५६ ला ७ नं पूर्ण भाग जातो, उत्तर २०४०८. त्यामुळे वर्ग म्हणजे १४२८५७ अधिक २०४०८ गुणिले ९९९९९९. आता ९९९९९९ च्या जागी दहा लाख वजा १ लिहा, तुकडे आपोआप पडतात.

बाकी शून्य
करून पाहिलं. पडतात. कारण दिलंत म्हणून मानलं. पण फोटो मी तरी काढला नसता.

नळस्टॉपकर
माझाही हललाच आहे. शेवटचा ७ दिसतच नाही.