चारधाम: आई-बाबांसाठी एजंट घ्यावा की स्वतः बुकिंग करावं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आई ६८, बाबा ७२. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपीची गोळी चालू आहे. दोघांनी उत्तराखंडातल्या चारधामचं (यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ) मनावर घेतलंय. मला एवढी सुट्टी मिळणार नाही, भाऊ परदेशात. हरिद्वारपर्यंतची रेल्वे, हॉटेलं, गाडी असं सगळं मी घरबसल्या बुक करू शकते. मग एजंटला वरचे पैसे का द्यायचे, असं बाबा विचारतात. ज्यांनी एजंट घेतला त्यांनी का घेतला, हे सांगाल का? नुसती कंपन्यांची नावं नकोत.

सह्यकडा:
आम्ही मित्र-मित्र एजंटशिवाय जाऊन आलो. नोंदणी उत्तराखंड पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर होते. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतं. हरिद्वार, ऋषिकेशहून बस आणि शेअर जीप असतात. केदारनाथसाठी सोनप्रयागला गाडी सोडायची, तिथून गौरीकुंडपर्यंत स्थानिक जीप आणि पुढे सुमारे १६ किमी चढ.
पण दरड कोसळून रस्ता बंद झाला तेव्हा आम्ही पुढची हॉटेलं सोडून दिली आणि मिळेल त्या धर्मशाळेत जमिनीवर पथारी पसरली. तिशीत हे चालतं. तुमच्या बाबांना रात्री नऊला खोली शोधत फिरायला लागू नये. तुमच्या जागी मी असतो तर एजंटच घेतला असता.

माजघर:
मी ग्रुप टूरनेच जाते. मिस्टर गेल्यापासून एकटीने प्रवास करायचा तर सोबत हवीच, आणि खोलीत जोडीदारीणही कंपनीच बघून देते. रात्री वरण-भात मिळतो, मराठीत बोलायला माणसं असतात. माझ्या वयाला हे फार मोठं आहे.
जानकीचट्टीची गोष्ट सांगते. तिथून यमुनोत्रीचा चढ पाचेक किलोमीटरचा आहे. निघण्याआधी टूर मॅनेजरने प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी दिली: आपलं नाव, हॉटेलचं नाव, त्याचा फोन नंबर. डोलीवाल्यांच्या पावत्या त्याने स्वतःकडे ठेवल्या. वर गर्दीत आमच्यातल्या एक काकू मागे राहिल्या, मोबाइलला रेंज नाही. त्यांनी चिठ्ठी एका पोलिसाला दाखवली आणि तासाभरात खाली पोचल्या. त्या मॅनेजर मुलाचे पैसे मी आनंदाने देते.

दूरदेशी:
मी न्यू जर्सीत. आईबाबांची यात्रा मागच्या वर्षी झाली. इथे रात्र असते तेव्हा तिकडे दिवस, त्यामुळे अडचण आली की फोन उचलणारा माणूस भारतातच हवा होता. मोठा ग्रुप बाबांना झेपत नाही, सगळ्यांबरोबर पहाटे चारला तयार व्हायचं म्हणजे त्यांची ओढाताण. म्हणून हरिद्वारच्या स्थानिक ऑपरेटरकडून दोघांसाठी वेगळी गाडी घेतली. ड्रायव्हर गढवालचा, रोज संध्याकाळी मला फोटो पाठवायचा. महाग पडलं, पण मला झोप लागली.

टूरडेस्क_ठाणे:
मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे माझं मत त्या हिशेबाने वाचा. मे-जूनमध्ये गुप्तकाशी, सीतापूर, बारकोटच्या बऱ्या खोल्या आम्ही महिनोन् महिने आधी धरून ठेवतो. रस्ता बंद झाला की त्याच हॉटेलवाल्याला फोन करून मुक्काम वाढवता येतो. ही ओळख म्हणजेच आमचा माल.
एजंटला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. डोली, खेचर पॅकेजमध्ये आहे की वेगळं? पावसाने एखादं धाम राहिलं तर किती पैसे परत? गाडी पिवळ्या पाटीची आणि ग्रीन कार्ड (डोंगरातल्या रस्त्यांसाठी गाडी तपासल्याचं परिवहन खात्याचं कार्ड) असलेली आहे ना? सोबत माणूस येणार की नुसता ड्रायव्हर? आणि 'आमच्याकडे हेलिकॉप्टरचा खास कोटा आहे' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. त्या नावाखाली दरवर्षी लोक फसतात.
काही ठिकाणी एजंट नियमानेच लागतो. उत्तर सिक्कीमला गुरुडोंगमार बघायचं तर परमिट नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतं. तिबेटमध्येही परदेशी माणसाला एजन्सीशिवाय फिरता येत नाही. युरोपचं उलटं आहे. व्हिसा द्यायचा की नाही हे वकिलात ठरवते, 'हमखास व्हिसा' कोणीच देऊ शकत नाही. तिथे आम्ही फक्त कागद नीट लावून देतो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना दूरदेशींचा मार्ग पटला: वेगळी गाडी, स्थानिक ऑपरेटर. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर पाठवायचा विचार आहे. आता एकच अडकलंय. आईला केदारनाथ झेपेल का? की गंगोत्री-बद्रीनाथच करावं, तिथे गाडी मंदिराच्या जवळपास जाते?

टूरडेस्क_ठाणे:
केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे गुडघ्यांइतकाच दम महत्त्वाचा. आधी दोघांना डॉक्टरांकडे न्या आणि बाबांचा ईसीजी काढून घ्या. ऑपरेटरला सांगून केदारनाथ शेवटाकडे ठेवा. तोवर उंचीची सवय होते, आणि नाही जमलं तर ते गाळून बद्रीनाथला जाता येतं.

माजघर:
आणि आईला विचारा, तिला कुठल्या देवाची ओढ आहे. माझ्या ओळखीतल्या एकीने केदारनाथ सोडलं, पण बद्रीनाथला मुक्काम वाढवून घेतला. तिच्यासाठी तीच यात्रा होती. ग्रुपच्या बसने तिला तसं करता आलं नसतं, ती स्वतंत्र गाडीने आली होती म्हणून जमलं. तुमच्या ऑपरेटरला एवढं आधीच विचारून ठेवा.