मदत हवी आहे : अँग्लिकन बिशपांवर अंतिम अधिकार कोणाचा?

जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील चर्चांच्या सहभागितेत (कम्युनियनमध्ये), बिशपांवर अंतिम अधिकार कोणाचा, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांना समानांतील प्रथम हा मान आहे, पण इंग्लंडबाहेरच्या प्रांतांवर, म्हणजे स्वायत्त सदस्य चर्चांवर, त्यांचा हुकूम चालत नाही, आणि १८६७ पासून भरणाऱ्या, जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेचे ठरावही प्रांताने स्वतः स्वीकारल्याशिवाय त्याला बांधत नाहीत, इथपर्यंत समजते.

अडचण आहे ती २०१६ च्या घटनांची. त्या जानेवारीत प्रायमेटांनी, म्हणजे प्रांतप्रमुखांनी, समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या एपिस्कोपल चर्चने (अमेरिकेतील अँग्लिकन चर्चने) तीन वर्षे सिद्धांत व कारभारविषयक निर्णयांत भाग घेऊ नये, असे ठरवले; तरीही एप्रिलमध्ये झांबियातील लुसाका येथे भरलेल्या अँग्लिकन सल्लागार परिषदेत, म्हणजे सदस्य चर्चांच्या प्रतिनिधींच्या सभेत, त्या चर्चचे प्रतिनिधी सहभागी झाले. या परिषदेला स्वतःची लिखित घटना आहे आणि तिच्यात पाळक व सामान्य सभासदही बसतात, त्यामुळे केवळ प्रांतप्रमुखांनी तिच्या सभासदांवर निर्बंध घालणे मला तरी पटत नाही.

प्रायमेटांच्या त्या निर्णयाला सल्लागार परिषदेच्या घटनेतील एखाद्या कलमाचा आधार होता, की तो निव्वळ नैतिक दबाव होता? १९७० मध्ये स्थापन झालेले आपले चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही याच सहभागितेचे सदस्य आहे. त्याच्या सिनॉडवर (सर्वोच्च सभेवर) असा निर्णय बंधनकारक ठरू शकतो का, हेही कृपया सांगावे.