मदत हवी आहे : दिव्यांग मुलासाठी खाजगी ट्रस्ट करावा का?

आम्ही सांगलीचे, विश्रामबागेत राहतो. यजमान ६८, मी ६३. थोरली लेक पुण्यात, तिच्या संसारात. धाकटा ३१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. जेवण-अंघोळ त्याची तो करतो, पण पाचशेची नोट काय आणि दहाची काय, ज्या नोटेचा रंग आवडेल ती ठेवून घेतो.

आमच्या मागे त्याचं कसं, हे रात्री दोनला डोक्यात येतं नि झोप उडते. फ्लॅट यजमानांच्या नावावर, थोड्या मुदतठेवी, तासगावकडे वडिलोपार्जित दीड एकर द्राक्षबाग. सगळं मृत्युपत्राने त्याला दिलं तर व्यवहार कोण बघणार? लेकीच्या नावे करून ‘तू सांभाळ’ म्हणावं, तर कागदावर मालकीण ती. तिच्यावर विश्वास आहे हो, पण उद्या तिचंच काही बरंवाईट झालं तर?

वकील खाजगी ट्रस्ट करा म्हणतात, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांनी सांभाळायची, पण वापरायची मुलासाठीच. दीर म्हणतात, ट्रस्ट म्हटला की धर्मादाय आयुक्तांकडे खेटे. खरं काय? आणि हयातीत करायचा की मृत्युपत्रातून?

प्रतिसाद : ताई, धर्मादाय आयुक्त सार्वजनिक ट्रस्टसाठी. घरच्या माणसासाठीचा ट्रस्ट १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यात बसतो. हयातीत फ्लॅट ट्रस्टमध्ये घातलात तर ट्रस्टचा लेख, म्हणजे दस्त, दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो आणि मालकी विश्वस्तांकडे जाते. मृत्युपत्रातून केलात तर तोवर सगळं तुमचंच, मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं. मी तेच केलं असतं.

बागेला सध्या हात लावू नका. वडिलोपार्जित असेल तर मुलगा-मुलीचा जन्मतः हक्क, यजमानांना आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येईल. आधी सातबारा नि फेरफार काढा.

आणि ट्रस्ट पैसा सांभाळतो, माणूस नाही. अठरानंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तो अर्ज आधी करा. विश्वस्त एकटी लेक नको, पर्यायी नावही लिहा.

धागाकर्ती : आभार. भाचा आहे मिरजेत, सरळ माणूस. त्याला विश्वस्त केलं तर मानधन लिहावं का? नात्यात पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद : लेखात नसेल तर कायद्याने त्याला मागता येत नाही. तो तर मागणारही नाही, म्हणून तुम्हीच लिहा.