आयजीबीटीच्या आतलं तापमान फायबरनं मोजता येते का?

जिनिंगवाला_हिंगणघाट:
राम राम मंडळी. आमच्या जिनिंगच्या मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमधलं आयजीबीटी मॉड्यूल (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) सीझनमध्ये दोनदा उडालं. दुसऱ्यांदा उघडून पाह्यलं तर जेलखाली चिप काळी अन् बारक्या तारा सुटलेल्या, पण डिस्प्लेवर ८५ डिग्रीच होतं राजेहो! फायबर सेन्सरनं खरं तापमान कळन का?

पॉवरवाला_अमरावती:
भाऊ, ते ८५ चिपचं नाही, एनटीसीचं, म्हणजे मॉड्यूलमधल्या तापमान सेन्सरचं हाय. ते चिपपासून दूर बसते, लोड एकदम वाढला की चिप मिलिसेकंदात तापते अन् एनटीसीले उशिरा समजते. चिपची मर्यादा बहुतेक १५० नाहीतर १७५ डिग्री. फायबर काचेचं, फक्त १२५ मायक्रॉन जाड, त्यातून करंट जात नाही अन् स्विचिंगचा नॉइजही लागत नाही, म्हणून चिपजवळ नेता येते. ब्रॅग ग्रेटिंगवालं (एका ठराविक तरंगलांबीचा प्रकाश परत फिरवणाऱ्या बारीक खुणांचं) असन तर १५५० नॅनोमीटरजवळ दर डिग्रीले साधारण १० पिकोमीटर तरंगलांबी सरकते, तेच मोजाचं.

लॅबवाला_नागपूर:
फक्त ते चिकटवू नका, ताण आला तरी तरंगलांबी सरकते अन् आकडा चुकते. बारीक नळीत मोकळं ठेवा लागते. वाचणारं यंत्र लाखांत जाते, म्हणून हे काम लॅबचंच. अन् उघडं मॉड्यूल मिलमध्ये चालवू नका, डीसी बसवर (ड्राइव्हच्या आतल्या डीसी लाइनवर) ५८० व्होल्टच्या आसपास असतात. आधी हीटसिंक (मॉड्यूलची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) अन् थर्मल पेस्ट (त्या दोघांमधला लेप) पाहा.

जिनिंगवाला_हिंगणघाट:
आत्ताच फॅन काढला भाऊ, हीटसिंकच्या पात्यांत बोटभर रुई गच्च बसलेली हाय.